व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मी महात्मा जोतीराव फुले यांचा विषय घेतला आहे हे ऐकून काहीजणींना वाटले असेल की, यात नवे ते काय? ११ एप्रिलला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, ३ जानेवारीला आपल्या मुली नऊवारी नेसून सावित्रीबाईंवर भाषणे करतात, आणि भिडे वाड्यातली १८४८ सालची मुलींची शाळा तर आता पाचवीतल्या मुलालाही पाठ असते. ते सर्व योग्यच आहे आणि तसेच चालावे. परंतु मला आज त्या शाळेविषयी बोलावयाचे नाही. चुना, दगड आणि मजुरांची हजेरी यांचा हिशेब ठेवणारे, आणि पुढे पुण्याच्या नगरपालिकेत बसून त्याच हिशेबी नजरेने सरकारी ठराव वाचणारे जोतीराव मला आज आपल्यापुढे आणावयाचे आहेत.

याला कारण आहे. आपल्या रांगेच्या टोकाला जो गाळा कित्येक महिने रिकामा आहे, तेथे दारूचे दुकान येणार अशी बातमी आहे. गेल्या मासिक सभेत आपण त्यावर अर्धा तास बोललो आणि शेवटी ‘आपल्या सह्यांनी काय होणार’ एवढ्यावर उठलो. घरी गेल्यावर मला चैन पडेना. जोतीरावांचे चरित्र पुन्हा काढून बसले, कारण याच विषयावर त्यांनी १८८० साली नगरपालिकेला पत्र लिहिले होते हे मला अंधुक आठवत होते. त्या वाचनातून हे भाषण तयार झाले.

आपल्या मंडळात सातारकडच्या पुष्कळजणी आहेत. घरची माणसे आधी मुंबईच्या आणि पुढे वाशीच्या बाजारात माथाडीकामाला आली, आणि कोपरखैरणे, घणसोली या बाजूला बिऱ्हाडे पडली. त्यांना कटगुण कोठे आहे ते सांगावयास नको. खटाव तालुक्यात, पुसेगावच्या जवळ. सेवागिरी महाराजांच्या यात्रेला जाणाऱ्यांना तो रस्ता ओळखीचा आहे. फुले घराणे मूळचे तेथले आणि त्यांचे आडनाव गोऱ्हे. गावच्या कुलकर्ण्याशी वितुष्ट आल्यामुळे जोतीरावांच्या पणजोबांनी गाव सोडले, असे चरित्रकार सांगतात. ते पुरंदराच्या बाजूला खानवडीस येऊन राहिले. पुढे आजोबा शेटिबा यांचे तीन मुलगे, राणोजी, कृष्णा आणि गोविंद, पुण्यात फुलांच्या धंद्यात शिरले. पेशव्यांच्या वाड्यात हार, गजरे, फुलांच्या गाद्या पुरविणे हे त्यांचे काम. त्या धंद्यावरून लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि गोऱ्हे हे नाव मागे पडले. गोविंदरावांचे चिरंजीव जोतीराव १८२७ साली जन्मले.

फुलांचा धंदा दिसावयास सुगंधी, पण करणाऱ्याला विचारावे! पहाटे तोडणी, उन्हे चढण्याच्या आत बाजार, आणि संध्याकाळी उरलेला माल मातीमोल. आपल्याकडे दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडूच्या ढिगाशेजारी पदपथावर झोपणारी कुटुंबे आपण पाहतोच. अशा घरात मुलाला शिकविणे ही चैन वाटे. भाईबंदांच्या बोलण्यावरून वडिलांनी जोतीरावांना शाळेतून काढून मळ्यात घातले. शेजारचे गफारबेग मुनशी आणि लिजिटसाहेब यांनी समजूत घातल्यावर १८४१ साली ते पुन्हा मिशनच्या शाळेत गेले. शाळेने इंग्रजी दिले, पण मळ्याने आणि बाजाराने जे दिले तेही त्यांना आयुष्यभर पुरले असे मला वाटते.

शाळा काढल्या, वडिलांचे घर सोडावे लागले, आणि पोटाचा प्रश्न उरलाच. लोकांकडून वर्गणी घेऊन स्वतःचा संसार चालविणे जोतीरावांना पटणारे नव्हते. १८६३ साली त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या मुशी व इतर साहित्य विकण्याचा धंदा सुरू केला. त्याच साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी फसविल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडले, हेही येथे सांगितले पाहिजे. एका हाताने दुकान आणि दुसऱ्या हाताने ते घर, अशी ही तारेवरची कसरत होती. पुढे ते सरकारी बांधकामांची कंत्राटे घेऊ लागले. मुळा-मुठेवरच्या धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचा माल पुरविला, कात्रजच्या बोगद्याला आणि येरवड्याच्या तुरुंगाला मजूर पुरविले. मांजरीला त्यांची शेतीही होती.

कंत्राटदार हा शब्द उच्चारला की आपले तोंड जरा वाकडे होते. नव्या रस्त्याला पहिल्याच पावसात पडलेले खड्डे आठवतात. पण त्या काळचे कंत्राट म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आणावे. खाणीतून सुरुंगाने धोंडा काढावयाचा, पाथरवटांनी तो घडवावयाचा, चुनखडी भट्टीत भाजावयाची, घाणीत मळावयाची, बैलगाड्यांनी कामावर पोचवावयाची. आपल्या पारसिकच्या डोंगरात खडीच्या खाणी जोरात चालत तेव्हा डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया आणि झोळीत निजविलेली मुले ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. ठाणे-बेलापूरचा पट्टा उभा राहिला तो असल्याच पाट्यांवर. जोतीराव या कामावर प्रत्यक्ष उभे राहिले. मजूर किती आले आणि हजेरीपटावर किती चढले, बिल कितीचे आणि काम कितीचे, मधल्या कारकुनाच्या हातात काय राहिले, हे त्यांना आतून कळले. सरकारी खात्यांतल्या या लबाडीवर त्यांनी आपल्या पुस्तकांतून जे कोरडे ओढले आहेत त्यांत ऐकीव माहितीचा सूर नाही.

पाण्याविषयीही तसेच. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांनी १८८३ साली पुरा केला. त्यात रागाबरोबर कामाच्या सूचना आहेत: ओढ्यानाल्यांना जागोजाग बंधारे घालावे म्हणजे पाणी जमिनीत मुरेल, शेतांना ताली घालाव्या म्हणजे माती वाहून जाणार नाही, पाणाड्यांकडून शेतांतले पाणी शोधवून घ्यावे. हे सारे ज्याने धोंड्यावर धोंडा चढताना पाहिला आहे त्यालाच सुचावे. आपल्या महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे आणि नळाला पाणी येते, तेव्हा आपल्याला बंधाऱ्याचे अप्रूप नाही. माहेरी मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बहिणीला ते विचारा.

आता नगरपालिकेकडे येते. १८७६ साली सरकारने जोतीरावांना पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले. तेव्हा सभासदाला ‘म्युनिसिपल कमिशनर’ म्हणत. आज आपण ज्यांना आयुक्त म्हणतो, त्या अधिकाऱ्याशी याची गल्लत होऊ नये. निवडणूक नव्हती, सरकार नेमील तो सभासद. नेमलेल्या माणसाने काय करावयाचे असते हे सांगावयास नको. सभेला यावे, साहेबांचे ऐकावे, हात वर करावा, चहा घ्यावा, घरी जावे. जोतीरावांच्या बाबतीत तर आणखी एक अडचण होती, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. ज्या सरकारने त्यांना त्या खुर्चीवर बसविले, त्याच सरकारच्या कामांवर त्यांचा धंदा उभा होता. साहेब नाराज झाले तर नुसते पद जाणार नव्हते, भाकरीलाही धक्का लागणार होता. हे लक्षात ठेवून पुढच्या गोष्टी ऐकाव्यात.

ते सभासद झाले त्याच सुमारास, १८७६-७७ साली, दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधक मंडळींनी उपाशी मुलांसाठी बालाश्रम काढला आणि १७ मे १८७७ रोजी जोतीरावांनी त्यासाठी मदतीचे आवाहन केले. सावित्रीबाई त्या वेळी जुन्नरकडे ओतूरला होत्या. तेथून एप्रिलमध्ये त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. पाण्यावाचून तडफडणारी जनावरे, गाव सोडून निघालेली माणसे, सावकाराचा जाच, सारे त्यात आहे. नवरा-बायकोच्या पत्रात एकमेकांची खुशाली चार ओळींत आटोपते आणि उरलेला कागद दुष्काळाने भरतो, हे पाहून मी बराच वेळ ते पान उलटले नाही.

त्यानंतर १८८० सालचे दारूचे प्रकरण. पुण्यात दारूच्या दुकानांना नवे परवाने देण्याचे चालले होते. सरकारला त्यातून उत्पन्न होते आणि उत्पन्न कोणाला नको असते? जुलै महिन्यात जोतीरावांनी नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाचे हंगामी अध्यक्ष प्लंकेट यांना लेखी पत्र दिले आणि या दुकानांना विरोध नोंदविला. दारूने माणसाची प्रकृती जाते, घरे उद्ध्वस्त होतात आणि शहराची नीती बिघडते, तेव्हा शहराच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करणाऱ्या नगरपालिकेला या प्रश्नाकडे पाठ फिरविता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मला यात एक गोष्ट फार आवडली. त्यांनी पिणाऱ्याला शिव्या दिल्या नाहीत. पत्र नगरपालिकेला होते. पिणाऱ्याला कोणीही बोलेल, त्याची बायको तर रोजच बोलते. परवाना देणाऱ्याला विचारणारा मात्र क्वचित सापडतो.

त्याच सुमारास व्हाइसरॉयसाहेब पुण्याला यावयाचे होते. त्यांना मानपत्र द्यावे आणि त्या समारंभासाठी एक हजार रुपये खर्च मंजूर करावा असा ठराव नगरपालिकेपुढे आला. त्या काळचे हजार रुपये! खेडेगावच्या शाळामास्तराला दरमहा निदान बारा रुपये तरी मिळावेत, अशी मागणी जोतीरावांनी पुढे सरकारकडे केली. म्हणजे सहा-सात मास्तरांचा वर्षाचा पगार एका मानपत्रात जाणार होता. हा पैसा पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणाला लावावा असे त्यांनी सुचविले. मते घेतली तेव्हा बत्तीस नेमलेल्या सभासदांपैकी विरोधात एकच मत पडले, जोतीरावांचे. ठराव अर्थातच मंजूर झाला.

आता मंडईचे पाहू. पुण्यात भाजीबाजारासाठी मोठी दगडी इमारत बांधण्याची योजना निघाली. खर्च तीन लाखांच्या घरात जाणार होता. जोतीराव आणि त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. जोतीरावांचे म्हणणे तेच होते: गरिबांच्या मुलांना शाळा नाहीत आणि तुम्ही भाजीला महाल बांधता. स्वतः माळ्याच्या घरातला, फुले आणि भाजी विकून वाढलेला मनुष्य हे म्हणत होता. तरीही भगिनींनो, येथे मी जोतीरावांशी सहमत नाही. उन्हातान्हात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला डोक्यावर छप्पर, पायांखाली फरशी आणि जवळपास पाणी मिळाले तर तो महाल नव्हे. आपल्याकडे मंडईसाठी बांधलेल्या इमारती पुष्कळ ठिकाणी ओस पडतात आणि भाजीवाल्या रस्त्यावरच बसतात हे खरे, पण तो दोष जागा निवडणाऱ्याचा. पुण्याची मंडई बांधली गेली, गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले गेले, आणि आजही ती गजबजलेली आहे. मात्र जोतीरावांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पैसा एकच आहे, तो आधी कोठे जावा, हे विचारण्यासाठीच सभासद असतो. पुढे १९३८ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्या रे मार्केटला महात्मा फुले मंडई असे नाव पडले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे त्यांचेच नाव दिले गेले. ज्या इमारतीला विरोध केला तिच्यावर आपले नाव पाहून जोतीराव हसले असते की चिडले असते, ते तुम्हीच ठरवा. मला वाटते त्यांनी आधी खर्चाचा आकडा विचारला असता.

१८८२ सालीच सरकारने शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमले होते. त्यापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी इंग्रजीतून निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शेतकऱ्याच्या करातून वरच्या वर्गांचे शिक्षण पोसू नये, स्त्रीशिक्षणाला अधिक उदार हाताने मदत करावी, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले घ्यावेत, अशा मागण्या त्यात आहेत. पण मला सर्वांत बोलकी वाटते ती खालची सही. नावापुढे त्यांनी काय लिहावे? शाळा काढल्या होत्या, ग्रंथ लिहिले होते, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला होता. यांपैकी काहीही न लिहिता त्यांनी लिहिले: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, जुना गंज, पुणे. म्हणजे मी कर भरतो, माल विकतो, जमीन कसतो आणि शहराच्या कारभाराला जबाबदार आहे, म्हणून मला विचारण्याचा अधिकार आहे.

जोतीराव १८८३ पर्यंत सभासद होते. १८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि त्यानंतर नगरपालिकांत निवडून आलेले सभासद येऊ लागले. बायकांना मात्र ना मत होते ना खुर्ची. सावित्रीबाईंनी पतीच्या बरोबरीने सारे केले, जोतीरावांच्या मागे १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानीही त्या बसल्या, पण पुण्याच्या नगरपालिकेची पायरी सभासद म्हणून चढणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आपली नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली आणि १९९५ साली पहिली निवडणूक झाली. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आहेत. २०२० साली महापालिकेची मुदत संपल्यावर कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही आणि प्रशासकांनी कारभार पाहिला, तेव्हा गटाराचे झाकण बसविण्यासाठी कोणाचे दार ठोठवावे हेच आपल्याला कळेना, हे आठवत असेल. आपल्यातली एखादी उद्या त्या सभागृहात जाईल. ती गेली तर तिने घरून सांगितलेल्या ठरावाला हात वर करू नये, कागद स्वतः वाचावा, एवढे मी आजच तिला सांगून ठेवते. वाचताना रकमेच्या पुढची शून्ये मोजावीत. जोतीराव मोजत असत.

आणि जी जाणार नाही तिचे काय? तिला अर्ज आहे. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे शब्द आपण ऐकले आहेत. दुकान बंद व्हावे की राहावे यावर मतदान मागण्याची सोय महाराष्ट्रात आहे, आणि खेडोपाडी कितीतरी बायकांनी ती वापरून बाटली आडवी केली आहे. आपले दुकान अजून उघडलेले नाही, म्हणून आपले काम त्याहून सोपे आहे. आज आपल्याला फक्त लेखी हरकत घ्यावयाची आहे. मी मसुदा करून आणला आहे. एक प्रत राज्य उत्पादन शुल्क खात्याला आणि दुसरी महापालिकेला जाईल. त्यात कोणाच्या नवऱ्याचे, कोणाच्या मुलाचे नाव नाही. गाळ्यापासून शाळेचे फाटक किती पावलांवर आहे, संध्याकाळी शिकवणीच्या मुली कोणत्या वाटेने परततात आणि त्या वाटेवरचे किती दिवे बंद आहेत, एवढेच लिहिले आहे. दिव्यांची मोजणी मी आणि शेजारच्या वहिनींनी काल रात्री फिरून केली.

कागद दाराजवळच्या टेबलावर आहे. सही करताना मतदारयादीतले पूर्ण नाव आणि भाग क्रमांक लिहावा. ज्यांना क्रमांक माहीत नसेल त्यांच्यासाठी यादीची प्रत शेजारीच ठेवली आहे, आणि चष्मा घरी विसरलेल्यांसाठी कोषाध्यक्षीणबाई बसल्या आहेत. चहा त्यानंतर आहे.